बॅच गेली तरी वर्ग भरला पाहिजे : विद्यार्थ्यांचा समाजोपक्रम वर्षानुवर्षं चालू ठेवण्यासाठी

आमचा अभ्यासवर्ग पहिल्यांदा बंद पडला तेव्हा तो बंद करायचा असं कोणीच ठरवलं नव्हतं. कॉलेजमागच्या वस्तीत आम्ही चौघांनी तो सुरू केला होता. दर रविवारी नऊ ते अकरा, पहिली ते सातवीची मुलं, वाचन आणि गणित. दोन वर्षं छान चालला. मग आम्ही पास होऊन बाहेर पडलो. मागच्यांनी दोन महिने ओढलं, परीक्षा आली, सुट्टी लागली. सुट्टीनंतरच्या पहिल्या रविवारी कोण जाणार हे कोणालाच नक्की माहीत नव्हतं. प्रत्येकाला वाटलं, दुसरं कोणीतरी जाईल.

सहा महिन्यांनी मी सहज तिकडे गेले तेव्हा तिसरीतली एक मुलगी धावत घरात गेली आणि वही घेऊन आली. शेवटच्या रविवारी दिलेले गुणाकार तिने सगळे सोडवून ठेवले होते. खाली समासात बरोबरच्या खुणेसाठी जागा सोडली होती. "ताई, दोन रविवार मी ओट्यावर बसले होते," एवढंच म्हणाली.

ते गुणाकार मी तिथेच बसून तपासले. त्यानंतर जे शिकले ते या लेखात आहे. वर्ग पुन्हा सुरू झाला त्याला आता आठ वर्षं झाली, आणि सध्या तो चालवणाऱ्यांपैकी एकानेही आम्हा चौघांसोबत काम केलेलं नाही. तुम्ही आत्ता नवा उपक्रम सुरू करत असाल, किंवा सीनियर्सनी तुमच्या हातात एखादा चालता उपक्रम ठेवला असेल, तर तुमच्यासाठी हे लिहिते आहे. माझी उदाहरणं अभ्यासवर्गाची आहेत. आरोग्य शिबिरं, वाचनालय, वृद्धांच्या भेटी, संगणक शिकवणं यांनाही बहुतेक सगळं तसंच लागू होतं.

१. आधी वेळेचं गणित मांडा

कागद घ्या. अभ्यासक्रम तीन किंवा चार वर्षांचा. पहिलं वर्ष रुळण्यात जातं. शेवटच्या वर्षी प्रकल्प, मुलाखती, पुढच्या प्रवेशांची धावपळ. म्हणजे एका विद्यार्थ्याकडून पूर्ण ताकदीने काम मिळतं ते साधारण दीड वर्ष, फार तर दोन. आता वर्षाचे ५२ आठवडे घ्या. दोन परीक्षा आणि त्यांची तयारी यांचे दहा आठवडे वजा करा, सुट्ट्यांचे आठ-नऊ करा, अधलेमधले कार्यक्रम आणि आजारपणं यांचे तीन-चार. आमच्याकडे हाती उरले जेमतेम तीस रविवार.

हा आकडा पाहून निराश होऊ नका, पण त्याच्याकडे डोळेझाकही करू नका. "वर्षभर दर रविवारी" असं सांगून तीस वेळा येणं आणि "वर्षात तीस वेळा, या तारखांना" असं सांगून तीस वेळा येणं यात मुलांच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात त्यांना बावीस वेळा कोणीतरी फसवलेलं असतं.

२. झेपेल तेवढंच वचन द्या

हे मी कळकळीने सांगते, कारण अर्धवट सोडलेला उपक्रम "निदान काहीतरी केलं" या खात्यात जमा होत नाही. जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स या दोघींनी अमेरिकेतल्या मुलं आणि त्यांच्या प्रौढ मार्गदर्शकांच्या जोड्यांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. ज्यांची जोडी वर्षभर किंवा जास्त टिकली त्या मुलांना सर्वाधिक फायदा झाला. ज्यांची जोडी तीन महिन्यांच्या आत तुटली, त्या मुलांची स्वतःच्या नजरेतली किंमत उलट घसरलेली दिसली. ओट्यावर दोन रविवार वाट पाहणारी मुलगी मला आठवते ती यामुळेच.

म्हणून सुरुवात करण्याआधी वस्तीत जाऊन बसा, नुसतं सर्वेक्षण करू नका. किमान चार-पाच वेळा, वेगवेगळ्या वेळी. आयांना विचारा, मोठ्या मुलांना विचारा, जवळच्या शाळेतल्या शिक्षकांना विचारा. आम्हाला विज्ञानाचे प्रयोग दाखवायचे होते. आया म्हणाल्या, "आधी वाचता येऊ दे." त्यांचं बरोबर होतं. शिवाय वाचन घेणं कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला जमतं, प्रयोग दाखवणं आमच्यातल्या एकालाच जमत होतं. तो गेला असता की प्रयोगही गेले असते.

इथे एक कसोटी लावून बघा. तुमच्या गटातला सगळ्यात उत्साही, सगळ्यात हुशार माणूस बाजूला काढा. उरलेल्या साध्या, अभ्यास सांभाळून येणाऱ्या मुलांना हे काम जमेल का? जमत नसेल तर काम छोटं करा. एकाच्या जिवावर उभा राहिलेला उपक्रम त्याच्यासोबत गाव सोडतो.

३. एका पानावर काम लिहून काढा

काय करतो, कोणासाठी, कधी, कुठे. त्याखाली तेवढ्याच ठळकपणे : काय करत नाही. आमच्या पानावर "आम्ही पैसे, कपडे, वस्तू वाटत नाही" आणि "शाळेला पर्याय म्हणून वर्ग घेत नाही" अशी दोन वाक्यं आहेत. दर वर्षी नव्या बॅचमधलं कोणीतरी उत्साहाने वस्तुवाटपाची कल्पना घेऊन येतं, आणि दर वर्षी हे पान कामी येतं. नवी कल्पना वाईट असते असं नाही. पण एक वाटप झालं की पुढच्या रविवारी मुलं वहीऐवजी पिशवी घेऊन येतात, आणि पुढची बॅच ते पुरवू शकत नाही.

पान बदलता येतं. फक्त वर्षातून एकदाच, आणि जुने-नवे दोघेही समोर बसलेले असताना.

४. पहिल्याच दिवशी वारस शोधायला लागा

सगळ्यात जास्त उपक्रम इथे बुडतात, म्हणून इथे जरा थांबते.

बहुतेक ठिकाणी जबाबदारी अशी सोपवली जाते : शेवटची परीक्षा झाली, निरोपसमारंभ झाला, फोटो निघाले, आणि सीनियरने ज्युनियरच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "आता तुम्ही सांभाळा." आम्हीही हेच केलं होतं. ज्युनियरला काय सांभाळायचं आहे हे माहीत नसतं, आणि ज्याला विचारायचं तो नोकरीच्या पहिल्या आठवड्यात अडकलेला असतो.

यावर आम्ही चार नियम केले. ते आठ वर्षं पाळले जात आहेत.

पहिला : शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी समन्वयक होत नाही. समन्वयक त्याच्या आधीच्या वर्षातला. शेवटच्या वर्षातला माणूस सल्लागार असतो. तो येतो, शिकवतो, पण चावी त्याच्याकडे नसते.

दुसरा : जबाबदारी वर्षाच्या शेवटी नव्हे, मध्यावर बदलते. पहिलं सत्र संपलं की नवा समन्वयक. म्हणजे पुढचे चार-पाच महिने जुना माणूस तिथेच असतो, नव्याच्या चुका होतात तेव्हा शेजारी उभा असतो. सगळ्या नियमांमधला एकच निवडा म्हटलं तर मी हा निवडेन.

तिसरा : प्रत्येक कामाला जोडी. हजेरी, साहित्य, हिशेब, पालकांशी संपर्क, नवे स्वयंसेवक. प्रत्येक कामाला एक जुना आणि एक नवा, आणि दोघं वेगवेगळ्या वर्षांतले. जोडीतले दोघंही एकाच वर्षातले जिवलग मित्र असले तर दोघंही एकदमच जातात. आमच्याकडे हे एकदा झालं. साहित्याची जोडी पास झाली, आणि वाचनकार्डांचे गठ्ठे कुठे ठेवलेत हे शोधायला तीन रविवार गेले.

चौथा : शिकणं तीन पायऱ्यांनी होतं. नव्याने आधी दोन वेळा नुसतं बघायचं. मग तीन-चार वेळा जुन्यासोबत करायचं. मग त्याने एकट्याने करायचं आणि जुन्याने मागे बसायचं, गप्प. ही तिसरी पायरी जुन्यांना फार जड जाते. हात शिवशिवतात. मुलं ओळखीच्या दादाकडेच वळतात. पण त्या दिवशी जुन्याने "जा, त्या ताईला विचार" असं म्हणणं हेच त्याचं काम आहे.

नेता निवडताना सापळा कोणता? चांगलं बोलणारा माणूस निवडण्याचा. स्टेजवर उत्तम बोलणाऱ्यापेक्षा पावसातही नऊला पाच कमी असताना हजर असलेला माणूस निवडा. हजेरीपट उघडा आणि बघा, नाव आपोआप सापडतं.

५. आठवणी फाइलमध्ये ठेवा

विद्यार्थ्यांच्या उपक्रमाची स्मरणशक्ती जेमतेम दोन वर्षांची असते. कोणत्या मुलाला पाठी बसल्यावर फळा दिसत नाही, कोणाच्या घरी फोन करायचा नाही, कोणती खोली पावसात गळते, हे सगळं कोणाच्या तरी डोक्यात असतं आणि तो पास होतो.

दर सत्रानंतर दहा मिनिटं बसून रोजवहीत पाच ओळी लिहा : कोण आलं, काय घेतलं, काय जमलं नाही, पुढच्या वेळी काय आणायचं, एखाद्या मुलाबद्दल काही विशेष. सुंदर लिहायचं नाही, उपयोगी लिहायचं. आमच्या वहीतली एक नोंद : "चौथीचा गट. वजाबाकी, हातचा घेताना गोंधळ. पुढच्या वेळी काड्यांचे गठ्ठे. मागच्या रांगेतला मोठा मुलगा वाचायला लाजतो, त्याला धाकट्यांना वाचून दाखवायला सांगितलं, वाचलं." ही नोंद ज्याने लिहिली त्याला मी कधी भेटले नाही. पण त्याच्यानंतर आलेल्या मुलीने त्या वाक्यामुळेच वर्षभर त्या मुलाला धाकट्यांच्या गटात बसवलं.

घरी जाऊन लिहू म्हणाल तर लिहून होत नाही. निघण्याआधीच, त्याच सतरंजीवर बसून.

सुपूर्द करायच्या फाइलमध्ये हे असू द्या :

- उपक्रमाचं एक पान (पायरी ३ मधलं)
- वर्षाचं वेळापत्रक, सुट्ट्या आणि बंद तारखांसह
- स्वयंसेवकांची यादी, वर्षासह, म्हणजे कोण कधी जाणार ते दिसतं
- मुलांची यादी, पालकांचे फोन, पालकांची लेखी संमती
- कॉलेजची परवानगी आणि जागा देणाऱ्यांशी झालेलं लेखी बोलणं
- साहित्याची यादी आणि प्रत्येक वस्तू कुठे आहे ते
- हिशेबवही आणि पावत्या
- अडचण आली तर कोणाला फोन करायचा, क्रमाने
- मागच्या वर्षी काय फसलं, एक प्रामाणिक पान

ते शेवटचं पान लिहायला माणसं कचरतात. त्यांना वाटतं, आपलं नाव खराब होईल. समन्वयकाने आपल्या चुका पहिल्यांदा लिहिल्या की बाकीचे लिहितात.

मुलांची माहिती असलेली फाइल मात्र सगळ्यांसाठी उघडी ठेवू नका. ती दोघांकडेच असावी. काम सोडलेल्या स्वयंसेवकाचा प्रवेश त्याच आठवड्यात काढून टाका, त्यात रागवण्यासारखं काही नाही.

आणि आता डिजिटल सापळा. उपक्रमाचा ईमेल आमच्या एका सीनियरच्या स्वतःच्या मोबाइल नंबरला जोडलेला होता. त्याने शहर बदलताना नंबरही बदलला. पुढे पासवर्ड विसरला गेला तेव्हा ओटीपी त्या जुन्या नंबरवर जात राहिला. पालकांचे नंबर, तीन वर्षांच्या नोंदी, वाचनाची सगळी कार्डं त्या खात्यात होती. परत मिळाली नाहीत. तेव्हापासून खातं उपक्रमाच्या नावाचं, पासवर्ड दोघांकडे, आणि खातं परत मिळवायचा नंबर मार्गदर्शक शिक्षकांचा. दर जबाबदारी बदलताना नव्या समन्वयकाने समोर बसून लॉगिन करून दाखवायचं. व्हॉट्सॲप ग्रुपचेही किमान तीन ॲडमिन ठेवा, तीन वेगवेगळ्या वर्षांतले. शिवाय फोनच्या याद्या आणि संमतीपत्रं यांची एक छापील प्रत कुलपात.

६. कॉलेजात एक खुंटी, वस्तीत एक खुंटी

विद्यार्थी येतात-जातात. न हलणारं काहीतरी दोन्ही टोकांना लागतं.

जुने, टिकलेले उपक्रम पाहिले तर हे लगेच दिसतं. लंडनच्या पूर्व भागात सॅम्युअल आणि हेन्रिएटा बार्नेट या दांपत्याने १८८४ साली टॉयन्बी हॉल सुरू केलं. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे विद्यार्थी आणि नुकतेच पदवीधर झालेले तरुण तिथे येऊन गरीब वस्तीत राहत. विद्यार्थी कितीतरी पिढ्या बदलले, पण घर आणि शेजार कायम राहिला, आणि ती संस्था आजही काम करते आहे. हार्वर्ड विद्यापीठातल्या फिलिप्स ब्रूक्स हाउस असोसिएशन या समाजसेवी संस्थेची स्थापना १९०४ सालची. तिथे पदाधिकारी आणि कार्यक्रम चालवणारे विद्यार्थीच आहेत, पण सोबत कायमचे पगारी कर्मचारी आहेत. वैद्यकीय विद्यार्थी चालवत असलेल्या मोफत दवाखान्यांतही रुग्ण तपासताना परवानाधारक डॉक्टरची देखरेख लागते, आणि त्या निमित्ताने वर्षानुवर्षं तिथे येणारा एक मोठा माणूस दवाखान्याला मिळतो.

आपल्याकडे इमारत नसेल, पगारी माणूस नसेल. हरकत नाही.

कॉलेजात : दोन शिक्षक मिळवा, एक नव्हे. एकाची बदली झाली, रजा लागली, तर दुसरे असतात. त्यांच्याकडून फार मागू नका. सत्रातून दोनदा वर्गाला भेट, फाइलची एक प्रत त्यांच्या कपाटात, आणि नव्या समन्वयकाशी वर्षातून एकदा तासभर बोलणं. परवानगी मात्र लेखी घ्या. तोंडी परवानगी देणारे साहेब बदलले की तुम्ही गेटवर उभे राहता. आमच्यावर ती वेळ आली आहे.

वस्तीत : ही खुंटी जास्त महत्त्वाची आणि हिचाच सगळ्यांना विसर पडतो. आमचा वर्ग ज्यांच्या ओट्यावर भरायचा त्या काकूंकडे दुसऱ्या खेपेला आम्ही साहित्याच्या पेटीची चावी दिली. आधी चावी आमच्याकडे असायची. चावी त्यांच्याकडे गेल्यावर बरंच बदललं. आम्ही पोचायच्या आत सतरंजी अंथरलेली असायची. नव्या मुलांना त्या कडक आवाजात सांगायच्या, "मागच्या ताई मुलांना गोलात बसवायच्या, तुम्ही रांगेत का बसवलं?" एका वर्षी समन्वयक आजारी पडला आणि निरोप द्यायचा राहिला, तेव्हा काकूंनी स्वतः फोन करून विचारलं, आज कोण येतंय. आमच्या सगळ्या बॅचेसचा इतिहास त्यांना तोंडपाठ आहे. आमच्या फाइलमध्येही तेवढा नाही.

तर वस्तीतल्या दोन-तीन मोठ्या माणसांना निर्णयात घ्या. वेळ बदलायची, जागा बदलायची, सुट्टी ठरवायची, त्यांना विचारून. नव्या समन्वयकाची ओळख जुन्याने घरोघरी जाऊन करून द्यावी, पायी, एक संपूर्ण दुपार काढून. ग्रुपवर "हे आपले नवे दादा" असा मेसेज टाकून ते होत नाही.

आणि शिकलेली मुलं मोठी झाली की त्यांना शिकवायला उभं करा. सुरुवातीला सांगितलेली ती मुलगी आता अकरावीत आहे. पहिली-दुसरीचा वाचनाचा गट तीच घेते. कॉलेजची मुलं परीक्षेला गुंतलेली असतात त्या आठवड्यांतही तिचा गट भरतो.

७. पैसा

थोडक्यात सांगते. पैसे कोणाच्याही वैयक्तिक खात्यात ठेवू नका, कितीही विश्वासू असला तरी. कॉलेजच्या खात्यातून किंवा नोंदणीकृत संस्थेमार्फत जमवा. खर्चाला दोघांच्या सह्या, प्रत्येक खर्चाची पावती, महिन्याचा हिशेब ग्रुपवर. दर वर्षी लागणारा खर्च एकाच मोठ्या देणगीवर टांगू नका. तो देणारा पुढच्या वर्षी नसला तर वर्गही नसतो. माजी विद्यार्थ्यांकडून थोडी-थोडी, पण नियमित वर्गणी घेणं यापेक्षा पुष्कळ भरवशाचं आहे. आमचा चालू खर्च म्हणजे वह्या, खडू, झेरॉक्स. तो जाणूनबुजून एवढा कमी ठेवला आहे की पैसे आलेच नाहीत तरी वर्ग थांबू नये.

८. मुलांची सुरक्षितता, तडजोड न करता

इथे एखादी चूक झाली तर उपक्रम एका दिवसात संपतो, आणि त्याहून वाईट म्हणजे एखाद्या मुलाला कायमची इजा होते. कोणत्याही मुलासोबत एकच मोठा माणूस, बंद खोलीत, कधीही नाही. पालकांच्या लेखी संमतीशिवाय मुलाला कुठेही न्यायचं नाही. मुलांशी खासगी चॅट नाही. फोटो पालकांना विचारून, आणि मुलाचं नाव-पत्ता कळेल असा फोटो कुठेही टाकायचा नाही. एखाद्या मुलाने घरातल्या मारहाणीबद्दल किंवा छळाबद्दल काही सांगितलं तर स्वतः चौकशी करत बसू नका, आणि "कोणाला सांगणार नाही" असं वचनही देऊ नका. शांतपणे ऐका, त्याच दिवशी मार्गदर्शक शिक्षकांना सांगा, मुलांच्या मदतीसाठी असलेल्या हेल्पलाइनचा नंबर फाइलच्या पहिल्या पानावर ठेवा.

हे सगळं नव्या स्वयंसेवकाला पहिल्या दिवशी, वर्गात पाऊल टाकण्याआधी सांगा आणि त्याची सही घ्या. ओळखीचा आहे म्हणून कोणाला सूट नको.

९. नवे स्वयंसेवक : कमी घ्या, सांभाळून घ्या

वर्षाच्या सुरुवातीला साठ नावं येतात. आम्ही एकदा साठच्या साठ घेतली. पहिल्या रविवारी ओट्यावर मुलांपेक्षा ताया-दादा जास्त. तिसऱ्या रविवारी नऊ जण उरले, आणि मुलं विचारत होती, ते बाकीचे कुठे गेले.

आता आधी माहितीची एक बैठक होते, त्यात स्पष्ट सांगतो : रविवारी सकाळी, किमान एक सत्र, तीनपेक्षा जास्त गैरहजेऱ्या चालणार नाहीत. निम्मी नावं तिथेच गळतात आणि ते चांगलंच आहे. उरलेल्यांना दोन वेळा नुसतं बघायला बोलावतो, मग त्यांनी ठरवायचं. पहिले दोन महिने मूल त्यांच्याकडे एकट्याने सोपवत नाही, गट सोपवतो, म्हणजे कोणी सोडलं तरी एखाद्या मुलाचा दादा अचानक नाहीसा होत नाही.

प्रमाणपत्राच्या आशेने येणाऱ्यांना मी वाईट म्हणत नाही. त्यातले काही मनापासून थांबतात. फक्त प्रमाणपत्र हजेरीपटावरून द्या, आणि सत्र पूर्ण झाल्यावरच.

सोडून जाणाऱ्यालाही वाट ठेवा. "जमत नाही" असं सांगणं सोपं असलं तर माणूस सांगून जातो. सांगणं अवघड केलं की तो फोन उचलायचा बंद होतो, आणि रविवारी गट रिकामा बसतो. जाणाऱ्याने शेवटच्या दिवशी येऊन मुलांना सांगायचं की मी उद्यापासून येणार नाही. मुलं हे समजून घेतात.

१०. बंद तारखा दारावर लावा

परीक्षा आणि सुट्ट्यांच्या तारखा कळल्या की मोठ्या अक्षरांत एक तक्ता करून वर्गाच्या जागी लावा : या तारखेपासून या तारखेपर्यंत वर्ग नाही, या रविवारी पुन्हा सुरू. सुट्टीनंतरच्या पहिल्या रविवारी येणाऱ्या दोन स्वयंसेवकांची नावं त्याच तक्त्यावर, सुट्टी लागण्याआधीच. आमचा वर्ग बंद पडला तो नेमका या रविवारी, म्हणून त्या ओळीवर समन्वयकाची सही असते. शक्यतो ते दोघं त्याच शहरात राहणारे असावेत, सुट्टीवरून परतीच्या गाडीवर अवलंबून असलेले नकोत.

११. वर्षातून एकदा वर्गाला प्रश्न विचारा

पन्नास पानांचा अहवाल नको. तीन आकडे पुरेत : ठरलेल्यापैकी किती रविवार वर्ग भरला, वर्षाच्या सुरुवातीला आलेली किती मुलं शेवटी होती, आणि त्यातली किती सुरुवातीपेक्षा पुढच्या पातळीचं वाचतात. शेवटच्यासाठी वर्षाच्या आरंभी आणि शेवटी तोच उतारा वाचून घ्या आणि लिहून ठेवा. मग आयांसोबत बसा, आकडे सांगा, आणि विचारा की पुढच्या वर्षी हे हवं आहे का. दोन वर्षांपूर्वी त्यांनी सांगितलं, सातवीच्या मुलींना रविवारी घरकामामुळे येता येत नाही, शनिवारी संध्याकाळ चालेल. आम्ही सहा वर्षं त्या मुलींना "अनियमित" लिहीत होतो.

१२. थांबायची वेळ आली तर

जवळच चांगली शाळा सुरू होते, वस्ती दुसरीकडे हलते, कॉलेजात माणसंच मिळत नाहीत. अशा वेळी उपक्रम थांबवणं चुकीचं नाही, न सांगता थांबणं चुकीचं आहे. किमान एक पूर्ण सत्र आधी आया आणि मुलांना सांगा. ज्या मुलांना मदत लागणारच आहे त्यांची गाठ शाळेतल्या शिक्षकांशी किंवा जवळच्या दुसऱ्या वर्गाशी स्वतः घालून द्या. पुस्तकं, फळा आणि सतरंजी वस्तीतच ठेवा. मुलांची वैयक्तिक माहिती असलेले कागद पालकांना परत करा किंवा नष्ट करा, रोजवही मार्गदर्शक शिक्षकांकडे द्या. शेवटच्या रविवारी सगळे स्वयंसेवक हजर राहा, आणि निघण्याआधी प्रत्येक मुलाची वही उघडून शेवटचं पान तपासा.